‘उंच माझा झोका’ : छोट्या रमेच्या पाटीचं कौतुक आवरा आता

मेथीची_जुडी
काल कुणीतरी रमाबाई रानड्यांवरच्या ‘उंच माझा झोका’ मालिकेतले आवडते प्रसंग विचारले आणि खाली पूर आला. सगळ्यांना एकच हवंय, महादेवराव रानडे छोट्या रमेला पाटीवर अक्षरं शिकवतायत तो. ‘किती गोड’, ‘असा नवरा हवा’! अहो, ती ११ वर्षांची, तो ३१चा. विधवाविवाहाची बाजू घेणारा माणूस १८७३ साली पहिली बायको गेल्यावर त्याच वर्षी वडिलांपुढे मान तुकवून बोहल्यावर चढतो, यात गोड काय? मागे सतार वाजवली की बालविवाहही चालतो आपल्याला. त्यापेक्षा १८८४ साल आठवा. मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून रमाबाईंनी गव्हर्नरसमोर इंग्रजीत भाषण वाचलं आणि घरी येऊन बायकांची बोलणी खाल्ली. त्याचं नाव एकानेही काढलं नाही.

नाशिकची_काकू
अगं, मग लग्न दाखवायचंच नाही का? माझ्या आजीचं तेराव्या वर्षी झालं. आजोबांनी शिकवणं सोडच, कधी नावाने हाक मारली नाही. ती पाटी टीव्हीवर दिसली की आजी पदराने डोळे पुसायची, आणि जाहिरात लागली की आमच्यावरच खेकसायची. तिला जाऊन सांग सतारीचं.

संत्या_भोरकर
पाटी पाटी काय लावलंय? पुण्यात भिडे वाड्यातल्या फुल्यांच्या शाळेत मुलींच्या हाती पाटी १८४८लाच आली. त्यावर सोनी मराठीवर ‘सावित्रीजोती’ मालिका निघाली २०२०मध्ये, टीआरपी नाही म्हणून त्याच डिसेंबरात गुंडाळली. तेव्हा कुठे होते हे डोळे पुसणारे? वाडा, नथ, नऊवारी दिसली तरच तुमचा इतिहास.

नाशिकची_काकू
माझ्या आजीला मध्ये आणू नकोस हं. २०२०ला ती नव्हती.

पुणे३०
आली जात. अरे, लॉकडाऊनमध्ये शूटिंगच बंद होती. शिवाय आमच्या केबलवाल्याला सोनी मराठी कितव्या नंबरवर ते माहीत नव्हतं.

संत्या_भोरकर
केबलवाल्यावर ढकला, सोपं आहे. शूटिंग सगळ्यांचीच बंद होती, बाकीच्या बऱ्या चालल्या. रानड्यांनी १८८५ला ग्रंथकार सभेचं, म्हणजे मराठी लेखकांच्या संमेलनाचं बोलावणं धाडलं, जोतीराव फुल्यांनी येत नाही म्हणून कळवलं. का, ते पत्र वाचा.

पुणे३०
आणि १८७५ला दयानंद सरस्वतींच्या पुण्यातल्या मिरवणुकीत रानडे-फुले दोघंही होते, ते खिशात घाल. तू तरी ‘सावित्रीजोती’चे सगळे भाग पाहिलेस का? खरं सांग.

संत्या_भोरकर
रात्रपाळी होती. मोबाईलवर पाहिले, जमतील तेवढे.

पुणे३०
झालं तर मग! टीआरपीत तूही नव्हतास.

चिंचपोकळीचा_बंड्या
मूळ मुद्दा राहिला. छोटी रमा झालेली तेजश्री वालावलकर गेली, स्पृहा जोशी आली, तिथे माझी मालिका संपली. मोठी रमा मला झेपलीच नाही.

मेथीची_जुडी
घ्या! मोठी होऊन बोलायला लागली की झेपत नाही. हेच म्हणतेय मी मघापासून. संत्या, तुझं खरं आहे, पण ‘सावित्रीजोती’साठी वेगळा धागा काढ ना बाबा. आणि काकू, आजींबद्दल काही म्हणायचं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले ते शिकायला मिळालं नाही म्हणून, ‘असा नवरा हवा’ म्हणून नव्हे.

नाशिकची_काकू
माझी आजी मला विचार. दोन्हीसाठी पुसायची. गव्हर्नरपुढचं भाषण मात्र परत बघते आज. आवडलं तर सांगेन, नाही आवडलं तर जास्तच सांगेन.