सज्ञान माणसाचं पालकत्व : पूर्ण घ्यावं की गरजेपुरतं?

सायली_व
थोरल्या भावाला अपघातात डोक्याला मार लागला, त्याला १४ महिने झाले. बोलणं जवळजवळ गेलंय, पैशाचा हिशेब अजिबात कळत नाही. त्याने मला पूर्वीच मुखत्यारपत्र करून दिलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. पण देणाऱ्याचीच समज गेली की साधं मुखत्यारपत्र अनेक ठिकाणी निकामी होतं, हे मला बँकेच्या काउंटरवर उभं असताना कळलं. समज गेल्यावरही चालेल असं ते आधीच करून ठेवावं लागतं, आणि ती सोयही सगळीकडे नाही. त्याच्याच खात्यातले पैसे त्याच्याच औषधांना मिळेनात.

आता न्यायालयात अर्ज करायचाय. वकील म्हणतात, पैसा, उपचार, राहण्याची जागा, सगळं एकदमच मागा, पुन्हा खेटे नकोत. माझं मन धजत नाही. परवा त्याच्यापुढे दोन शर्ट धरले. एक त्याने हाताने बाजूला सारला आणि दुसऱ्याची बाही घट्ट धरून ठेवली. ज्याला एवढं ठरवता येतं, त्याचं सगळंच मी का ठरवायचं? मला फक्त पैशापुरतं पालकत्व घ्यावंसं वाटतं.

उंबरठा
ताई, भावनेच्या भरात अर्धवट अर्ज करू नका. आईला स्मृतिभ्रंश झाला तेव्हा मीही 'फक्त पैशापुरतं'च घेतलं होतं. पुढे तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया करायची की नाही, यावर आम्हा तिघा भावंडांचं एकमत होईना आणि अंतिम शब्द कुणाचा हे कागदावर नव्हतं. नऊ दिवस ती कण्हत पडून होती. ते नऊ दिवस मी विसरू शकत नाही. पूर्ण पालकत्व घेतलं म्हणून रोज सगळे अधिकार वापरलेच पाहिजेत असं थोडंच आहे?

मंदार७१
साफ असहमत. वापरायचेच नसतील तर काढून कशाला घ्यायचे? एकदा गेलेला हक्क परत मिळवणं किती जड जातं ते अमेरिकी गायिका ब्रिटनी स्पीअर्सच्या बाबतीत जगाने पाहिलं. २००८ ते २०२१, तेरा वर्षं ती अशाच पालकत्वाखाली होती. त्या काळात ती रंगमंचावर कार्यक्रम करत होती, पण तिच्या पैशाचे निर्णय दुसरेच घेत होते.

समज ही दिव्याच्या बटणासारखी चालू किंवा बंद नसते. इंग्लंड-वेल्सच्या २००५च्या कायद्यात ती त्या-त्या निर्णयापुरती तपासतात, आणि निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून माणसाला असमर्थ ठरवता येत नाही. जर्मनीने तर सज्ञानांचं जुन्या पद्धतीचं पालकत्व १९९२मध्येच मोडीत काढलं. तिथे गरज असेल तेवढ्याच बाबींसाठी मदतनीस नेमतात.

उंबरठा
स्पीअर्स स्वतः न्यायालयात बोलू शकली. माझी आई मला ओळखत नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीने २०१४मध्ये म्हटलं की दुसऱ्याने निर्णय घेण्याऐवजी त्या माणसाला निर्णयासाठी मदत द्या. तत्त्व मान्य. पण समोरून काही खूणच येत नसेल तर मदत करायची तरी कशी?

मंदार७१
तेव्हा त्याची इच्छा काय असती, याचा शक्य तितका शोध घ्यायचा, असं तीच समिती म्हणते. आईला जवळून ओळखणारे तुम्ही तिघे होतातच की. तिने आधी कधी काही बोलून दाखवलं असेल. तुमचे नऊ दिवस अधिकार नव्हता म्हणून गेले की भावंडांच्या भांडणात गेले?

उंबरठा
दोन्हीमुळे. आणि भांडण मिटवायलाच कागद लागतो.

रेवा_क
वाद चालू द्या, पण सायलीताई, एक कराच. आदेश काहीही निघो, भावाचं खातं आणि तुमचं खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, प्रत्येक पावती जपा. मी एका नातेवाइकाची पालक आहे. न्यायालयाने हिशेब मागितला तेव्हा, मी स्वतःच्या खिशातून घातलेल्या पैशाचाही मला पुरावा देता आला नाही.

सायली_व
उंबरठा, तुमचे नऊ दिवस वाचून उपचारांचा अधिकारही अर्जात घालायचं ठरवलंय. मात्र ठरावीक मुदतीने फेरतपासणी हवी, हेही लिहून मागणार. काल भावाला विचारलं, "तुझ्या पैशाचं मी बघू?" त्याने माझा हात दाबला. "माझ्या घरी राहायला येशील?" म्हटलं, तर हात सोडवून घेतला. राहण्याची जागा अर्जातून वगळतेय.

उंबरठा
एका वेळच्या हात दाबण्यावर जाऊ नका. वेगवेगळ्या दिवशी, तो ताजातवाना असताना, डॉक्टरांसमोर विचारा. आणि प्रश्न उलटा करूनही विचारा, "तुला इथेच राहायचंय ना?" तेव्हा हात दाबला तर माझी हरकत नाही.