माळेगाव यात्रेतलं पशुप्रदर्शन : बक्षीस रूपाला की नोंदीला?

कंधारकर
माळेगावच्या (ता. लोहा, जि. नांदेड) खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. तिथलं पशुप्रदर्शन आता जिल्हा परिषद भरवते. पण परीक्षक अजून वशिंड, पोळी (गळ्याखालची लोंबती कातडी), खूर, शिंगांची ठेवण आणि चालच पाहतात. ही पारख बैलाच्या नांगरटीच्या काळातली. नांगर ट्रॅक्टरला गेला, तरी वळूच्या आईनं वेताला (एकदा व्याल्यावर आटेपर्यंत) किती दूध दिलं हे कुणी विचारत नाही. कानात ओळखीचा 12 अंकी बिल्ला आणि आईच्या एका वेताची नोंद, हे दोन्ही नसेल तर वळूगटात प्रवेशच देऊ नये.

दावणवाला
साफ विरोध. लाल कंधारी ओढकामाची जात, वेताला सरासरी 600 लिटरच्या आसपास. दुधाला गुण ठेवलेत की कळपात गुपचूप दुसरं रक्त शिरलंच म्हणून समजा. वही कुठे होती इतकी वर्षं? नजरेनंच जात राखली. देवणी या दुसऱ्या जातीत रंगावरून तीन प्रकार. वानेरा म्हणजे पांढरं अंग, काळं तोंड. शेवेऱ्याच्या अंगभर काळे डाग. बालंक्याचे डाग पोटाकडून. चुकीच्या रंगाचं खोंड मैदानातच बाद होतं. हीच आमची वंशावळ.

पशुवैद्य
रंग बापाचा कळतो, दूध नाही. नोंद अवघडही नाही. व्याल्यावर पाचव्या ते पंचविसाव्या दिवसात पहिलं मोजमाप, मग दर महिन्याला एक दिवस सकाळ-संध्याकाळ, आणि त्या दिवसाचं दूध गुणिले 30. अडचण वासराची : आपल्या गाई वासराशिवाय पान्हा सोडत नाहीत, म्हणून वहीतला आकडा कमी दिसतो. दोन सडं वासराला, दोन दोहायला आणि आकडा दुप्पट, हा ढोबळ उपाय. मागची सडं जास्त देतात, म्हणून पुढचं एक आणि मागचं एक अशी जोडी धरा.

दावणवाला
आणि दुप्पट करताना कोण उभं राहणार? बक्षीस असलं की आकडा फुगणारच.

पशुवैद्य
फुगवणं आजही चालतं. वजन फितीनं काढतात : छातीच्या घेराचा वर्ग गुणिले लांबी, दोन्ही इंचात, भागिले 660, उत्तर किलोत. वजनाच्या लोभानं पेंड चारून लठ्ठ केलेला वळू गाईवर चढताना मागच्या पायांत कमी पडतो. तरी बक्षीस त्यालाच! दूधमापाच्या दिवशी शेजारच्या गावचा पशुधन पर्यवेक्षक यावा, म्हणजे ओळखीची भीड नको.

कंधारकर
एक राहिलंच. विजेता वळू गावोगाव मागवला जातो आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी स्वतःच्याच कालवडींवर चढतो. बिल्ल्याचा नंबर नसेल तर हे कळणार कसं? प्रमाणपत्रावरच लिहा, एका गावात तीन वर्षांपेक्षा जास्त नाही.

दावणवाला
ही अट मान्य. दुधाची नाही. ती देवणीपुरती ठेवा, लाल कंधारीला ओढीची चाचणी घ्या.