सिम्युलेटरवर पोट्ट्यांना विमान उडवणं शिकवायचं आहे, पहिला धडा कोणता घेऊ?

आर्णीचे_मास्तर
आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर अन् कोणीतरी दिलेली जॉयस्टिक आहे. फुकट मिळते म्हणून त्यावर फ्लाइटगिअर हा विमान उडवायचा सिम्युलेटर टाकला. शाळा सुटली की नववी-दहावीचे पोट्टे गोळा होतात. थ्रॉटल पूर्ण, काठी ओढली, विमान वर, अन् मग कोणाच्या तरी वावरात पाडलं की खिदळणं सुरू. पण त्यातली एक पोरगी सारखी विचारते, "सर, खरं विमान असंच उडवतात काय?" मी गणिताचा माणूस, मला काय ठाऊक! नीट शिकवायचं तर सुरुवात कुठून करू? सगळे उतरवतानाच आपटतात, म्हणून आधी तेच घ्यावं काय?

धानपट्टा_गोंदिया
नमस्कार मास्तर. माझं शिक्षण पीपीएल, म्हणजे खासगी पायलटच्या परवान्यापर्यंत झालं, पुढं पैसा पुरला नाही. आता सुट्ट्यांत भाचे-पुतणे अन् त्यांच्या दोस्तांना सिमवर शिकवतो.

उतरवणं आधी बिलकुल नको. ज्याला सरळ उडवता येत नाही, तो उतरवणार कसा? आधी सेसना १७२ हे छोटं विमान घ्या, हवामान शांत ठेवा, अन् विमान हवेतच सुरू होईल असं करा, ३००० फुटांवर. आता घरातली एक जुनी लग्नपत्रिका शोधा अन् स्क्रीनवरची खालची सगळी घड्याळं झाकतील अशी सेलोटेपनं चिकटवा. पोरापुढं फक्त विमानाचं नाक अन् क्षितिज राहिलं पाहिजे. इंजिन २३०० आरपीएमच्या आसपास तुम्हीच लावून द्या. नाक अन् क्षितिज यांच्यामधली जागा तेवढीच धरून ठेवायची, एवढंच काम. थोड्या वेळानं पत्रिका उचला. उंची फारशी हललेली नसते, अन् पोरगं तुमच्याकडं असं पाहते की काय सांगू!

हे काहून करायचं? नवशिक्या चढ-उताराच्या काट्यामागं पळतो. तो काटा मुळातच मागून येते. पोरगं काटा पाहून काठी ढकलते, तोवर विमान भलतंच काही करत असते, मग उलटं ओढते. झालं, विमान डोलत बसलं. नाक कुठं आहे अन् इंजिन किती दिलं, या दोन गोष्टींवर बाकी सगळं ठरते.

दुसरा धडा ट्रिमचा, म्हणजे काठी धरून न ठेवता नाक जागेवर ठेवणाऱ्या सोयीचा, अन् इथं जॉयस्टिक फसवते. खऱ्या विमानात काठीवर जोर जाणवते. ट्रिम फिरवत गेलं की हात तिथंच राहते अन् जोर नाहीसा होते. आपल्या काठीत स्प्रिंग असते. म्हणून आधी काठीनं नाक जागेवर आणा, मग ट्रिम थोडी थोडी देत काठी हळूहळू मध्ये सोडा. ट्रिम होम अन् एंड बटणांवर असते. शेवटी हात पूर्ण सोडायला सांगा. नाक हललं, तर ट्रिम बाकी आहे.

मग वळणं, मग स्टॉल, म्हणजे नाक फार वर गेल्यानं पंखांची उचल तुटते ते. स्टॉल चांगला उंच शिकवा. नाक पडलं की पोरगं काठी आणखी ओढते, अन् नेमकं तेच करायचं नसते. काठी पुढं, इंजिन पूर्ण, पंख रडरनं, म्हणजे शेपटीच्या उभ्या फळीनं, सांभाळायचे. हे हातात बसलं की मगच सर्किट, म्हणजे उडून धावपट्टीभोवती फेरी मारून परत उतरणं.

अन् हो, नागपूरच्या धावपट्टीवर उभं केलं की उंचीचं घड्याळ हजार फुटांच्या वर दाखवते. पोट्टे म्हणतील घड्याळ बिघडलं. ते समुद्रसपाटीपासून मोजते, नागपूर सुमारे ३१५ मीटरवर आहे. सर्किट जमिनीपासून हजार फूट, म्हणजे घड्याळात दोन हजारांच्या जरासं वर. तुमचं गणित इथं कामी येईल.

कपाशी_वणी
भाऊ, इतकं घोटून घेतलं तर पोट्टे यायचे बंद होतील. पाडू द्या न थोडं वावरात.

धानपट्टा_गोंदिया
पाडू द्या की, धडा झाल्यावर! फक्त धड्याच्या वेळी पॉज अन् ऑटोपायलट बंद.

आर्णीचे_मास्तर
पत्रिका लावली. साक्षगंधाची मिळाली, बरोबर मापाची. ज्या पोट्ट्याला सगळे उस्ताद म्हणत होते त्याचं विमान सगळ्यात जास्त डोललं. ती पोरगी मात्र हात सोडून बसली अन् नाक जागचं हललं नाही. मग लाइन गेली, ते सोडा. दोन प्रश्न आहेत. उतरवताना काय सांगू? अन् तिचे बाबा विचारतात, हे तास पायलट व्हायला धरतात काय?

धानपट्टा_गोंदिया
उतरताना वेग ६५ नॉट, तो नाकानं सांभाळायचा. खाली किती जायचं ते इंजिनानं. काचेतून पाहताना धावपट्टीवरची जी जागा वर-खाली सरकत नाही, विमान तिथंच चाललं आहे. जमिनीजवळ आलं की नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकाला. पोट्टे चाकाखाली पाहतात, म्हणून आपटतात.

तास धरत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरवरचा एकही तास लॉगबुकात चढत नाही. सीपीएलला, म्हणजे नोकरीसाठीच्या पायलट परवान्याला, २०० तास लागतात, अन् बारावीला फिजिक्स-मॅथ्स. तेव्हा अकरावीला मॅथ्स सोडू देऊ नका. आमच्या इकडं बिरसीला प्रशिक्षण केंद्र आहे, पण खर्च लाखांत, तिच्या बाबांना आधीच सांगा. पैसे भरण्याआधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची डॉक्टरी तपासणी, करून घ्यायचं. चष्मा असला म्हणून लगेच बाद करत नाहीत, पण रंग ओळखायला अडचण आहे का ते आत्ताच गावाजवळच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं तपासून घ्या.