अनुभव धागा: शास्त्रपाठाची वही आणि एका ओळीचं निरीक्षण

नगरची लेक
पोटमाळा साफ करताना 1996 च्या तरुण संघाच्या शिबिरातली माझी शंभरपानी वही सापडली. झाडू तिथंच टाकला आणि शिडीवर बसून वाचत सुटले.

उतारा बायबलमधला, मार्क 4:35-41, वादळाचा: येशू होडीत झोपलेला, शिष्य घाबरून त्याला उठवतात आणि तो वादळ शांत करतो. ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली मी दीड पान लिहिलेलं. जीवनाच्या सागरात वादळे येतात, पण प्रभू आपली नाव पैलतीरी नेतो, वगैरे. खाली गटप्रमुख काकांची लाल शाई: “प्रवचन छान. आता उतारा वाच.” आणि नियम दिलेला. एक निरीक्षण, एक ओळ, शेवटी वचनाचा (म्हणजे अध्यायातल्या त्या वाक्याचा) क्रमांक. अर्थ सांगायचा नाही, जे लिहिलंय तेवढंच टिपायचं.

रडकुंडीला आले होते मी! पण पुढच्या पानावर आहे: “दुसऱ्याही होड्या बरोबर होत्या (36).” लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले होते, त्या होड्या कधी दिसल्याच नव्हत्या. माझ्या डोक्यात एकच होडी आणि तेरा माणसं, येशू आणि बारा शिष्य. त्या बाकीच्या होड्याही त्याच वादळात होत्या की!

तुमच्याकडे आहेत का अशा वह्या? एकेक ओळ तरी टाका.

तिसरी शिट्टी
स्तोत्र 23, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ’ ते. “पहिल्या तीन वचनांत ‘तो’, चौथ्यात ‘तू’.” लग्नाआधी पाठ होतं, कळलं दोन मुलं झाल्यावर. मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्याबरोबर मेंढपाळाबद्दल बोलणं थांबतं आणि मेंढपाळाशी बोलणं सुरू होतं. कुकर उतरवून येते

सॅमदादा
मला योहान 11:35 आला होता. “येशू रडला.” मी लिहिलं, “दोन शब्द आहेत.” सर म्हणाले, बाहेर उभा राहा.

नगरची लेक
दादा 😂 पण एका ओळीत बसवलंस ना!

खडूफळा
संडे स्कूलला शिकवते म्हणून सांगते, थोडक्यात म्हणजे कसंही नाही. पोरं “येशू झोपला” लिहून मोकळी होतात. मी विचारते, कुठे? कशावर? मग परत वाचतात आणि उशी सापडते. ती उशी फक्त मार्कने लिहिलीय. मत्तय आणि लूक यांनीही हीच गोष्ट सांगितलीय, त्यांच्याकडे वादळ आहे, उशी नाही.

याच उताऱ्यात अजून एक आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘मोठं’साठी एकच शब्द तीनदा येतो: मोठं वादळ (37), मोठी शांतता (39), मोठी भीती (41). मराठीत आपण वेगवेगळे शब्द वापरतो म्हणून निसटतं. आणि क्रम बघा, ती तिसरी भीती वादळ थांबल्यावरची आहे.

शांता ठाणे
योहान 4:28, “घागर तिथंच राहिली.” विहिरीवर येशूशी बोललेली ती शोमरोनी बाई. आली होती पाण्याला आणि घागर टाकून गावात गेली. यावर मी पानभर लिहिणार होते पण आमचं पाणी आलंय, आणि मी काही घागर टाकून पळणाऱ्यातली नाही. नंतर येते

वसईचा नातू
आम्ही कॅथलिक, वहीबिही नव्हती. पण योहान 21 मध्ये शिष्यांच्या जाळ्यात आलेले 153 मासे ऐकून फादरनी विचारलं होतं, आकडा का दिला असेल? कोणी म्हणे गूढ आहे, कोणी काय. माझा आजा होडीवर जाणारा. तो मागून म्हणाला, “मोजल्याबगर वाटे कसे पडतील?”

सॅमदादा
आजोबांना डॉक्टरेट द्या

केडगावकर
माझ्या आजीकडे पंडिता रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराची प्रत होती. बाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून ते केलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. बाई 1922 ला गेल्या, पूर्ण बायबल 1924 ला निघालं, छपाईही त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशन संस्थेतच. आजी समासात पेन्सिलीने एकच शब्द लिहायची. एका ठिकाणी नुसतं “पुन्हा?” लिहिलेलं. कशाबद्दल ते विचारायचं राहिलं. धाग्याला सोडून झालं जरा, माफी.

निळी शाई
कधी लिहीत नाही इथे. मिस्टर गेले त्या वर्षी प्रार्थना येत नव्हती. कोणी “देवाची योजना” म्हटलं की उठून जावंसं वाटे. मग नुसती निरीक्षणं लिहायचे, कारण त्यात मला काही वाटायची सक्ती नव्हती. रूथ 1. “पाच वचनांत तीन मरणं. कोणी एक शब्द बोलत नाही.” नवरा आणि दोन्ही मुलगे गेलेली ती बाई, नामी तिचं नाव, पहिल्यांदा बोलते ती आठव्या वचनात. मला बोलायला त्याहून जास्त वेळ लागला.

तिसरी शिट्टी
ताई 🙏

नगरची लेक
निळी शाई, तुमची ओळ माझ्या वहीत उतरवून घेतेय. चालेल ना?

निळी शाई
घ्या की. क्रमांक मात्र लिहा, काका रागावतील 🙂

शांता ठाणे
आले. पाणी दहा मिनिटांत गेलं. नगरची लेक, वही परत पोटमाळ्यावर टाकू नकोस हं, वाळवी लागते. आमच्या सासऱ्यांचं गीतांचं पुस्तक तसंच गेलं.

नगरची लेक
वाळवी नाही पण ओल लागलीय काकू, शेवटची चार पानं चिकटलीत. डांबराच्या गोळ्या ठेवू का?

शांता ठाणे
वास जात नाही त्यांचा. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून घाल. चिकटलेली पानं ओढू नकोस, पंख्याखाली उघडी ठेव.

सॅमदादा
त्या चार पानांत काय आहे ते मात्र कळव

नगरची लेक
एकाचा कोपरा सुटलाय. वर लाल शाईत “पुन्हा वाच” एवढंच दिसतंय.