परदेशात केमिस्ट्रीत पीएचडी करायचीय, स्कॉलरशिप नेमकी कुठे शोधायची?

पूर्णाकाठ:
नमस्कार सगळ्यांना. मी हिंगोली जिल्ह्यातली, एमएस्सी केमिस्ट्री गेल्या वर्षी झाली, ७४ टक्के आहेत, प्रोजेक्ट झिंक बॅटरीवर होता. सध्या ज्युनियर कॉलेजला तासिका तत्त्वावर शिकवते. वडिलांची तीन एकर कोरडवाहू, म्हणजे घरून पैशाची मदत होणार नाही आणि कर्ज काढायची हिंमत नाही. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीला फोन केला तर ते म्हणाले ६० हजार भरा, आम्ही स्कॉलरशिप मिळवून देतो. रोज रात्री नेटवर शोधते पण एवढ्या याद्या आहेत की कुठली माझ्यासाठी तेच कळत नाही. फुलब्राइटचं नाव सगळीकडे दिसतं, ते चालेल का? आणि जे एन टाटा? कोणीतरी नीट सांगा प्लीज.

रसायनी:
ताई आधी ते ६० हजार कुणाला देऊ नका. मी जर्मनीत केमिस्ट्रीतच पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि मी एकही स्कॉलरशिप घेतलेली नाही. सायन्समध्ये इकडे पीएचडी म्हणजे नोकरी असते, प्रोफेसरच्या प्रोजेक्टमधून पगार मिळतो, करार होतो, हेल्थ इन्शुरन्स त्यातच. पगाराची श्रेणी ई १३, पण केमिस्ट्रीत बऱ्याचदा पूर्ण नाही, अर्धा किंवा दोन तृतीयांश करार देतात, तरी एकट्या माणसाचं त्यात व्यवस्थित भागतं. नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे इथेही पगारीच. म्हणून सर्चमध्ये स्कॉलरशिप टाकण्यापेक्षा 'पीएचडी पोझिशन' आणि तुमचा विषय, इलेक्ट्रोकेमिस्ट्री किंवा बॅटरी, असं टाका. युरॅक्सेस म्हणजे युरोपातल्या संशोधनाच्या नोकऱ्यांची साइट, ती रोज बघा, तिथे मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या पैशातून चालणाऱ्या पगारी पीएचडीच्या जागा येतात, देशाचं बंधन नाही, मुख्य अट ही की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, तुम्ही तर भारतातच आहात.

आणि मेल करताना एकच मजकूर शंभर जणांना पाठवू नका. मी सुरुवातीला तसंच केलं, चाळीस मेल गेले आणि उत्तर एकाचंही नाही. मग एकेका प्रोफेसरचे अलीकडचे दोन पेपर वाचून, त्यातलं काय माझ्या प्रोजेक्टशी जुळतं ते चार ओळींत लिहून पाठवायला लागलो, अकरा मेलमध्ये तीन इंटरव्ह्यू झाले.

माळरान:
फुलब्राइटबद्दल सांगतो कारण यात खूप जण फसतात. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप ही जे आधीच भारतात पीएचडीला रजिस्टर आहेत त्यांच्यासाठी, ६ ते ९ महिने अमेरिकेत जाऊन रिसर्च करायला. तिकडची अख्खी पीएचडी त्यात होत नाही. जे एन टाटा एंडोमेंट १८९२ पासूनचं आहे, नाव मोठं आहे, पण ती लोन स्कॉलरशिप, म्हणजे फेडायची असते. अमेरिकेत जायचं तर केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये अॅडमिशनसोबतच टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळते, फी माफ आणि वर स्टायपेंड, डेडलाइन बहुतेक डिसेंबरच्या आसपास. अर्जाची फी डॉलरमध्ये जाते तेव्हा फी माफीसाठी डिपार्टमेंटला सरळ मेल टाक, लाजू नको, बरेच जण देतात.

पूर्णाकाठ:
खूप खूप आभार दोघांचेही, मला खरंच वाटत होतं की स्कॉलरशिप मिळाली तरच पीएचडी होते! एक राहिलं, आम्ही बौद्ध आहोत, उत्पन्नाचा दाखला दीड लाखाचा आहे, सरकारी योजनेतून काही होईल का?

भीमाई:
होईल ना बाळा. दोन योजना बघ. एक राज्याची, राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी, पीएचडीला वयाची अट ४० आहे. अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. दुसरी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, १२५ जागा, वय ३५ च्या आत, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि किमान ६० टक्के, तुला तिन्ही जमतात. दोन्हीकडे युनिव्हर्सिटीचं क्यूएस रँकिंग, म्हणजे जगातल्या विद्यापीठांच्या क्यूएस यादीतला नंबर बघतात, म्हणून ऑफर मिळवतानाच रँकिंग तपास, नाहीतर ऑफर हातात आणि योजनेत नाव नाही असं होतं. माझ्या भाचीचं तसंच झालं, वर्ष गेलं तिचं. युकेला जायचं मनात असेल तर या योजना जास्त उपयोगाच्या, तिकडे बाहेरच्या मुलांची फी फार असते.

बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. पुढे लंडनचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला शाहू महाराजांनी मदत केली. त्याच महाराजांच्या नावाची ही योजना आहे, तेव्हा हक्काने अर्ज कर.

जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि तहसीलचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला आजच काढायला टाक, जाहिरात आल्यावर धावपळ केली की दिवस पुरत नाहीत.

रसायनी:
पासपोर्ट नसेल तर तोही आत्ताच. आणि ताई, तुमच्या प्रोजेक्ट गाइडना आणि अजून एका सरांना शिफारसपत्रासाठी आधीच विचारून ठेवा, पोर्टलवरून लिंक त्यांच्या मेलला जाते आणि सर मेल बघत नाहीत, त्यामुळे फोन करून आठवण करावी लागते. सीव्ही दोन पानांचा करून मला मेसेजमध्ये पाठवा, रविवारी बघून देतो.

पूर्णाकाठ:
पासपोर्ट नाहीये, उद्या अर्ज भरते. सीव्ही शनिवारपर्यंत पाठवते दादा.