तूप बंद केले, तरी रक्त दुधाळ का?

सानपाड्याची आई:
माझी मुलगी चार वर्षांची असून तिला ग्लायकोजेन (यकृतात साठवलेली साखर) साठवणुकीचा आजार, प्रकार १अ, आहे. गेल्या आठवड्यात तपासणीसाठी काढलेले रक्त निवळल्यावर नळीत वरचा थर पातळ ताकासारखा पांढुरका दिसला आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ८४० आले. सासूबाईंनी त्याच दिवशी तिच्या वरणभातावरचे तूप बंद केले. पण तूप ती जेमतेम अर्धा चमचा खात होती. मग एवढी चरबी आली कुठून?

आहारतज्ज्ञ, ठाणे:
ताई, ही चरबी मुख्यतः तुपाची नाही, यकृतातच तयार झालेली आहे. ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे विकर (एन्झाइम) नसल्यामुळे यकृतातील ग्लुकोज-६-फॉस्फेटला ग्लुकोज होऊन रक्तात उतरता येत नाही. ते आतच तुंबते आणि त्यातून लॅक्टेट, युरिक आम्ल आणि चरबी वाढते. चरबी बनताना तयार होणारे मॅलोनिल-कोए स्निग्धाम्लांना (चरबीच्या घटकांना) पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ती जिथे जळतात तिथे, शिरू देत नाही, त्यामुळे ती जळतही नाहीत. त्यात रक्तातली साखर उतरली की इन्सुलिन घटते आणि अंगावरची चरबी सुटून यकृताकडे येते. म्हणूनच साखर खूप खाली गेली तरी या मुलांत कीटोन (यकृतात चरबी जळताना बनणारे पदार्थ) फारसे सापडत नाहीत. रात्री साखर टिकावी म्हणून द्यायचे कॉर्नफ्लोअर किती वाजता आणि कसे देता?

सानपाड्याची आई:
साडेदहाला आणि पहाटे साडेचारला. गुठळ्या होऊ नयेत म्हणून गरम पाण्यात कालवते. पेजेसारखे होते, चमच्याला चिकटते.

आहारतज्ज्ञ, ठाणे:
चूक तिथेच असावी. कच्च्या कॉर्नफ्लोअरचा हा उपचार १९८४ पासून रूढ आहे आणि त्यात ‘कच्चे’ हा शब्दच महत्त्वाचा आहे. गरम पाण्यात स्टार्चचे कण फुगून फुटतात, ते झटपट पचते आणि साखर पहाटेच्या आधीच उतरते. साध्या पाण्यात ढवळून लगेच पाजा. सहा तासांचे अंतरही या वयाला जास्त वाटते. अडीच आणि साडेतीनला ग्लुकोमीटरने पाहून ते आकडे डॉक्टरांना दाखवा, मात्रा तेच ठरवतील. साखर आणि फळांचे रस मात्र टाळाच, कारण फ्रुक्टोजही त्याच तुंबलेल्या वाटेने जाते. पोटात तीव्र दुखून उलट्या झाल्या, तर स्वादुपिंडाला सूज आली असण्याची शक्यता धरून थेट रुग्णालय गाठा.

बेलापूरचा बाबा:
आमच्या मुलाला याच आजाराचा प्रकार ३ आहे. त्याच्यात चरबी नीट जळते, उपाशी राहिला की कीटोन भरपूर येतात, आणि प्रथिनांपासून ग्लुकोज बनत असल्याने आम्ही अंडी, पनीर सढळ देतो. तेव्हा ताई, आमच्यासारख्या कुणाचा आहारतक्ता मिळाला, तर आधी प्रकार विचारा.

सानपाड्याची आई:
काल साध्या पाण्यात दिले. साडेतीनला साखर ७८ होती; परवापर्यंत त्या वेळी ती घामाने भिजलेली असायची.