रात्रीचे पाणी तोडण्याआधी
म्हातारा कुत्रा रात्री घरात लघवी करू लागला, तर संध्याकाळनंतर त्याचे पाण्याचे भांडे उचलून ठेवावे, हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. मूत्रपिंडे थकली की लघवी पातळ आणि भरपूर होते व ती तूट भरून काढण्यासाठी कुत्रा पाणी पितो. अशा वेळी पाणी तोडले, तर शरीर कोरडे पडून उरलेसुरले मूत्रपिंडही बिघडू शकते. मधुमेहात, किंवा नसबंदी न झालेल्या मादीच्या गर्भाशयात पू झाल्यासही तहान अशीच वाढते.

त्यापेक्षा पाणी मोजावे. दिवसभरात दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त, म्हणजे १२ किलोच्या कुत्र्याने सव्वा लिटर पाणी प्यायले, तर तपासणी हवीच. केवळ रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा, मूत्रपिंडे गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) ‘नॉर्मल’ आले म्हणून निर्धास्त राहू नये, कारण मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता जाईपर्यंत ते बहुधा वाढत नाही, आणि म्हातारपणी स्नायू झडलेल्या कुत्र्यात तर ते मुळातच कमी दिसते. लघवीचे विशिष्ट गुरुत्व (ती पाण्याच्या तुलनेत किती दाट आहे याचे माप) त्याआधीच घसरू लागते, म्हणून डॉक्टरांनी आमच्या कुत्रीची सकाळची पहिली लघवी मागितली होती. ती बसली की मागून लांब दांड्याचा स्वच्छ, कोरडा डाव हळूच सरकवायचा (समोरून गेल्यास ती संशयाने उठून जाई). नमुना झाकणाच्या बाटलीत भरून शक्यतो लगेच पोहोचवावा, उशीर होणार असल्यास फ्रिजमध्ये ठेवावा.